मोठ्या आतड्यातील आडवाटा : डायव्हर्टिक्युलोसिसची ओळख



शिक्षकाच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानाचा विषय असा असावा की, श्रोत्याने काहीतरी उपयोगाचे शिकून घरी जावे. याच समजुतीने मी आजचा विषय निवडला आहे. विषय फारसा आकर्षक नाही, हे मला ठाऊक आहे. आतडी, मळ, शौच हे शब्द सभेत उच्चारण्याचा आपल्याकडे प्रघात नाही. परंतु या संकोचाची किंमत पुष्कळांना मोजावी लागते. शौचावाटे रक्त गेले तरी ते महिनोन् महिने घरात सांगितले जात नाही, आणि सांगितलेच तर ‘मूळव्याध असेल’ एवढ्यावर त्याची बोळवण होते.

याच्या उलट दुसरा प्रकारही अलीकडे वाढला आहे. माळव्यातल्या आपल्या शहरांतून आता सी. टी. स्कॅन आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, या सोयी सहज उपलब्ध झाल्या आहेत. मूतखड्याच्या शंकेने एखाद्याच्या पोटाचा स्कॅन केला जातो. खडा सापडत नाही. मात्र अहवालाच्या शेवटी एक ओळ असते : ‘सिग्मॉइड कोलनमध्ये काही डायव्हर्टिक्युला आढळतात.’ ही ओळ वाचून घरभर चिंता पसरते. आजोबांची भाकरी बंद होते, पेरू बंद होतो, संक्रांतीचा तीळगूळसुद्धा त्यांच्या हातावर ठेवावा की नाही याची चर्चा सुरू होते. ज्याला भ्यायचे त्याला भ्यायचे नाही आणि ज्याला भिण्याचे कारण नाही त्याच्या धास्तीने ताट रिकामे करायचे, असा हा विपरीत व्यवहार आहे. तो दूर व्हावा, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

१. शब्द आणि अवयव

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘डायव्हर्टिक्युलम’ हा मूळ लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ मुख्य रस्ता सोडून बाजूला फुटलेली वाट, म्हणजे आपली आडवाट. शरीरशास्त्रात पोकळ अवयवाच्या भिंतीतून बाहेर फुगलेल्या, एका बाजूने बंद अशा पिशवीला हे नाव मिळाले. पिशव्या अनेक असल्या म्हणजे ‘डायव्हर्टिक्युला’. पुढचे दोन शब्द त्यांच्या शेपटांवरून ओळखावेत. ‘ओसिस’ हे शेपूट केवळ एखादी अवस्था सुचविते. ‘आयटिस’ हे शेपूट शोथ, म्हणजे सूज व दाह, सांगते. तेव्हा डायव्हर्टिक्युलोसिस म्हणजे आतड्याला पिशव्या असण्याची अवस्था आणि डायव्हर्टिक्युलायटिस म्हणजे त्या पिशवीला झालेला शोथ. या दोन शब्दांची गल्लत झाली की, पुढचे सगळेच गैरसमज जन्माला येतात.

आता अवयव. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, जेथे अपेंडिक्स असते, तेथे त्याचा आरंभ होतो. तेथून ते वर यकृतापर्यंत चढते, पोटातून आडवे डावीकडे जाते, प्लीहेजवळ वळून खाली उतरते आणि अखेरीस एक वळसा घेऊन गुदाशयाला मिळते. या शेवटच्या वळशाला ग्रीक ‘सिग्मा’ अक्षरावरून सिग्मॉइड कोलन असे म्हणतात. आपल्या कथेत त्याचेच स्थान सर्वांत महत्त्वाचे आहे. लहान आतड्यातून रोज साधारण दीड लिटर पातळ द्रव मोठ्या आतड्यात येतो. त्यातील बहुतेक पाणी व क्षार शोषून घेऊन उरलेल्या भागाचा घट्ट मळ बनविणे आणि तो हळूहळू पुढे सरकविणे हे त्याचे काम.

या नळीची भिंत थरांची बनलेली आहे. आतून मऊ श्लेष्मल त्वचा, तिच्याबाहेर तिला आधार देणारा सैल थर, त्याबाहेर वर्तुळाकार स्नायू आणि त्याबाहेर लांबीच्या दिशेने जाणारे स्नायू. लहान आतड्यात हे लांबट स्नायू नळीला सर्व बाजूंनी वेढतात. मोठ्या आतड्यात मात्र ते तीन अरुंद पट्ट्यांत एकवटलेले असतात. या पट्ट्यांची लांबी नळीपेक्षा कमी असल्याने, परकराच्या नेफ्यातली नाडी ओढल्यावर कापडाला पडाव्यात तशा आतड्याला चुण्या पडतात. पट्ट्यांच्या मधल्या भागात भिंतीला वर्तुळाकार स्नायूंचाच काय तो आधार. त्यातही एक अडचण आहे. आतल्या त्वचेला रक्त पुरविणाऱ्या धमन्या बाहेरून येतात आणि याच स्नायूंना भेदून आत शिरतात. घराच्या भिंतीतून नळ आत घ्यायचा तर तेवढे भोक पाडावेच लागते, आणि तेवढ्या जागी भिंत कच्ची राहते. आतड्याच्या भिंतीतल्या या कच्च्या जागा जन्मतः प्रत्येकाला असतात.

२. पिशवी तयार होते ती कशी

सायकलच्या जुन्या टायरला चीर पडली की, त्या चिरेतून आतल्या ट्यूबचा फुगा बाहेर डोकावतो, हे विद्यार्थ्यांनी पाहिले असेल. आतड्यात जवळजवळ असेच घडते. आतला दाब वाढला की, धमनीच्या वाटेने राहिलेल्या कच्च्या जागेतून श्लेष्मल त्वचा बाहेर ढकलली जाते आणि तिची पिशवी होते. पिशवीच्या भिंतीत स्नायूंचा थर नसतो. म्हणून शरीरशास्त्रज्ञ तिला ‘खोटी’ डायव्हर्टिक्युलम म्हणतात. तिचा आकार बहुधा ५ ते १० मिलिमीटर, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा असतो. एखाद्यास अशी एकच पिशवी असते, तर एखाद्यास शेकडो असू शकतात.

दाब सिग्मॉइडमध्येच अधिक का? त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, भिंतीतला ताण तेवढाच असता नळी जितकी अरुंद, तितका आतला दाब अधिक. सिग्मॉइड हा मोठ्या आतड्याचा सर्वांत अरुंद भाग. शिवाय मळ पुढे सरकविताना आतडे ठिकठिकाणी आकुंचन पावून लहान लहान बंद कप्पे तयार करते. अशा कप्प्यातील दाब बराच वाढतो. त्याच्या लगत खाली असलेल्या गुदाशयात पिशव्या होत नाहीत. कारण तेथे ते तीन पट्टे पसरून पुन्हा एकसंध वेष्टन बनलेले असते.

परंतु दाब हे निम्मे कारण झाले. भिंतीचा कमकुवतपणा हे दुसरे निम्मे. वाढत्या वयाबरोबर भिंतीतील कोलॅजन तंतूंची घडण बदलते व ते ताठर होतात. लांबट पट्ट्यांत इलॅस्टिन साचून ते आखडतात आणि आतडे अधिकच चुणले जाते. म्हणून ही अवस्था प्रामुख्याने उतारवयाची आहे. पाश्चात्त्य देशांत चाळिशीच्या आत ती क्वचित आढळते, तर साठीच्या पुढे सुमारे निम्म्या लोकांत असते. भारतात दुर्बिणीच्या तपासण्यांत तिचे प्रमाण त्या मानाने कमी दिसते. आनुवंशिकतेचा वाटाही लहान नाही. स्वीडनमध्ये जुळ्या भावंडांच्या नोंदींवरून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या विकाराच्या प्रवृत्तीतला सुमारे ४० टक्के भाग आनुवंशिक असल्याचा अंदाज निघाला.

येथे एक विलक्षण गोष्ट सांगण्यासारखी आहे. युरोप-अमेरिकेत या पिशव्या बहुतेक डाव्या बाजूला, सिग्मॉइडमध्ये होतात. जपान, कोरिया, चीन या देशांत त्या प्राधान्याने उजव्या बाजूला आढळतात. हवाई बेटांत जाऊन राहिलेल्या जपानी लोकांचे राहणीमान बदलले, तरी त्यांच्यातही पिशव्यांची जागा उजवीकडेच राहिली. केवळ आहाराने सर्व काही उलगडत नाही, याची ही एक खूण मानावी.

३. कोंड्याची कथा

या पिशव्यांचे वर्णन अठराव्या शतकाच्या सुरुवातीस फ्रेंच वैद्य लित्र यांनी केले होते. १८४९ साली पॅरिसचे विकृतिशास्त्रज्ञ क्रुव्हेलिए यांनी त्यांचे सविस्तर वर्णन केले. पण त्या काळी शवविच्छेदनाखेरीज त्या दिसण्याचा मार्ग नव्हता. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले आणि पुढील काही दशकांत बेरियमचा एनिमा देऊन जिवंत माणसाच्या आतड्याचे चित्र घेता येऊ लागले. त्याबरोबर पूर्वी दुर्मीळ वाटणारी ही अवस्था घरोघरची आहे, हे ध्यानात आले.

मग उपचाराचा प्रश्न उभा राहिला. आतडे दुबळे आहे, तर त्याला विश्रांती द्यावी, असा सरळ विचार वैद्यांनी केला. चोथा नसलेले मऊ अन्न द्यावे. साली, बिया, कोंडा वर्ज्य करावा, हा नियम विसाव्या शतकाची पहिली साठेक वर्षे चालला. तर्क ऐकायला बिनतोड होता. त्याची परीक्षा मात्र कोणी घेतली नव्हती.

तो उलथून टाकण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत डेनिस बर्किट हे नाव अग्रभागी आहे. १९११ साली आयर्लंडमध्ये जन्मलेल्या बर्किट यांचा लहानपणीच अपघातात एक डोळा गेला होता. तरीही ते शल्यचिकित्सक झाले आणि युगांडातील कंपाला येथे त्यांनी अनेक वर्षे काम केले. मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका कर्करोगाचे त्यांनी १९५८ साली वर्णन केले. तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे ब्रिटिश नौदलातील वैद्य क्लीव्ह यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. शुद्ध साखर आणि बारीक दळून चाळलेले पीठ हे पाश्चात्त्यांच्या अनेक रोगांचे मूळ आहे, असे क्लीव्ह यांचे म्हणणे होते. बर्किट यांनी आफ्रिकेतील मिशनरी रुग्णालयांना पत्रे पाठवून कोणते रोग दिसतात, कोणते दिसत नाहीत याची माहिती गोळा केली. कोणी ज्या वस्तूकडे पाहू इच्छीत नाही ती, म्हणजे मळ, त्यांनी वजन करून मोजली. ग्रामीण आफ्रिकनांचा मळ इंग्रजांच्या कितीतरी पट अधिक भरला, आणि अन्न पोटातून बाहेर पडण्यास त्यांना सुमारे निम्माच वेळ लागत असल्याचे आढळले.

इंग्लंडमधील शल्यचिकित्सक नील पेंटर यांनी सिग्मॉइडमधील दाब प्रत्यक्ष मोजले होते. या दोघांनी १९७१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आपला सुप्रसिद्ध लेख लिहिला. त्यांची मांडणी अशी : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादी लाटांच्या गिरण्या आल्या, पिठातील कोंडा वेगळा काढला जाऊ लागला, पावातला चोथा घटला, मळ लहान व घट्ट झाला, तो सरकविण्यास आतड्याला अधिक जोर करावा लागला आणि त्या दाबाने पिशव्या झाल्या. म्हणून हा विकार पाश्चात्त्य संस्कृतीतील न्यूनतेचा, म्हणजे चोथ्याच्या अभावाचा रोग आहे. पुढच्याच वर्षी पेंटर यांनी ७० रुग्णांना कोंडायुक्त आहार देऊन पाहिला आणि त्यांतील बहुतेकांना आराम पडल्याचे कळविले. अर्धशतकाचा पथ्यविचार उलटा झाला. जो कोंडा काल विष होता, तो आज औषध ठरला.

४. पुनर्विचार

कथा येथे संपली असती तर ती सोयीची झाली असती. परंतु शास्त्रात सोयीची गोष्टही पुन्हा पुन्हा तपासावी लागते. दोन देशांची तुलना करताना एकच फरक लक्षात घेणे धोक्याचे असते. युगांडातील शेतकरी आणि लंडनचा कारकून यांच्यात कोंड्याखेरीज आयुर्मान, श्रम, वजन, वंश असे अनेक भेद आहेत. शिवाय जेथे वृद्ध थोडे आणि क्ष-किरणयंत्रे त्याहून थोडी, तेथे वृद्धापकाळचा हा विकार दिसणार तरी किती?

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दुर्बिणीची तपासणी झालेल्या २,१०४ व्यक्तींना त्यांचा आहार व शौचाच्या सवयी विचारण्यात आल्या. अपेक्षा अशी होती की, चोथा कमी खाणाऱ्यांत आणि बद्धकोष्ठ असणाऱ्यांत पिशव्या अधिक सापडतील. तसे आढळले नाही. उलट अधिक चोथा खाणाऱ्यांत पिशव्यांचे प्रमाण काहीसे जास्तच निघाले, आणि बद्धकोष्ठाचा संबंध दिसला नाही. या अभ्यासालाही मर्यादा आहे. विचारला गेला तो आजचा आहार. पिशव्या मात्र कित्येक वर्षांच्या आहाराच्या काळात झालेल्या. तरीही ‘चोथा कमी म्हणून पिशवी’ हे समीकरण इतके सरळ नाही, एवढे त्याने दाखविले.

मग कोंडा निरुपयोगी ठरला काय? येथेच त्या दोन शेपटांचा भेद कामाला येतो. ब्रिटनमध्ये ४७,०३३ स्त्री-पुरुषांवर सरासरी अकरा वर्षांहून अधिक काळ नजर ठेवण्यात आली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या विकारासाठी रुग्णालयात दाखल होण्याचा वा त्याने मृत्यू येण्याचा धोका शाकाहारी लोकांत मांसाहारी लोकांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी कमी होता. अधिक चोथा खाणाऱ्यांतही तो कमी होता. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून पाहिले तर संभाव्य अर्थ असा निघतो : पिशव्या होऊ न देणे कदाचित आहाराच्या हातात फारसे नसेल, परंतु झालेल्या पिशवीचा पुढे उपद्रव होऊ न देण्यात आहाराचा वाटा आहे. बर्किट यांचा सल्ला बराचसा टिकला. सल्ल्यामागचे स्पष्टीकरण तेवढे ढिले झाले.

५. पिशवी केव्हा उपद्रव देते

बहुसंख्य लोकांना या पिशव्या जन्मभर काहीही त्रास देत नाहीत. पूर्वीच्या पाठ्यपुस्तकांत, पिशव्या असणाऱ्यांपैकी १५ ते २५ टक्के लोकांना कधी ना कधी शोथ होतो, असे लिहिलेले असे. तो आकडा रुग्णालयात आलेल्या रुग्णांवरून काढलेला होता. २०१३ साली लॉस एंजलीस येथील माजी सैनिकांच्या अभ्यासात, ज्यांच्यात या पिशव्या सहज तपासणीत सापडल्या होत्या अशा २,२२२ जणांचा ११ वर्षांचा इतिहास पाहिला, तेव्हा शोथ झालेले केवळ ९५ जण निघाले. म्हणजे शंभरात सुमारे चार. अहवालातली ती एक ओळ वाचून घाबरणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा. अनेकांच्या पोटातील गुबारा, मुरडा, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ या तक्रारी आतड्याच्या चिडखोरपणाच्या असतात. पिशव्या योगायोगाने सोबत सापडतात आणि सगळा दोष त्यांच्या माथी मारला जातो.

मात्र उपद्रव झाला तर तो दोन प्रकारांनी होतो. पहिला शोथाचा. पिशवीच्या तोंडात मळाचा खडा अडकतो, तेथे जंतू माजतात, अशी जुनी समजूत आहे. ती काही अंशी खरी असली, तरी आतड्यातील जंतूंचा बिघडलेला समतोल व शरीराची स्वतःची दाहप्रवृत्ती यांचाही वाटा असल्याचे आता मानले जाते. लक्षणे बहुधा स्पष्ट असतात : ओटीपोटाच्या डाव्या बाजूला सतत दुखणे, दाबल्यास वेदना, ताप, भूक मंदावणे. पिशव्या उजव्या बाजूला असतील तर चित्र हुबेहूब अपेंडिक्सच्या सुजेसारखे दिसते. निदानासाठी सी. टी. स्कॅन उत्तम. सूज ताजी असताना दुर्बीण घालू नये. भिंत फाटण्याचा धोका असतो. सूज ओसरल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी दुर्बिणीची तपासणी करतात, कारण त्याच जागी लपलेला कर्करोग क्वचित अशाच रूपाने प्रकट होतो.

उपचारांतही गेल्या काही वर्षांत मोठा बदल झाला. पूर्वी प्रत्येक रुग्णाला प्रतिजैविके देत. २०१२ साली स्वीडनमध्ये आणि २०१७ साली नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखविले की, साध्या, गुंतागुंत नसलेल्या शोथात प्रतिजैविके दिल्याने रुग्ण अधिक लवकर बरा होतो असे नाही. तथापि कोणाला ती द्यावीत व कोणाला नाही, हे रुग्णाचे वय, ताप, इतर व्याधी पाहून डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे. शोथ भिंतीबाहेर पसरून गळू झाला, पिशवी फुटून उदरपोकळीत घाण पसरली, मूत्राशयाशी आडमार्ग होऊन लघवीतून हवा जाऊ लागली किंवा आतडे अरुंद होऊन मार्ग बंद झाला, तर प्रसंग गंभीर असतो. गळूचा निचरा सुईवाटे करता येतो. पिशवी फुटून पोटभर संसर्ग झाल्यास तातडीची शस्त्रक्रिया लागते. ‘दोन झटके आले की आतडे कापून काढावे’ हा जुना नियम आता सरसकट पाळला जात नाही. प्रत्येक रुग्णाचा विचार स्वतंत्रपणे होतो.

दुसरा उपद्रव रक्तस्रावाचा. पिशवी ज्या धमनीच्या वाटेने बाहेर पडते ती धमनी पिशवीच्या डोक्यावर ताणलेली असते. आत तिच्यावर केवळ पातळ त्वचेचे आवरण. ते झिजले की धमनी उघडी पडते. मग पोटात न दुखता एकाएकी पुष्कळ लाल किंवा काळसर लाल रक्त शौचावाटे जाते. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत हा स्राव आपोआप थांबतो. पण कोणाचा थांबणार हे आधी सांगता येत नाही. म्हणून अशा वेळी घरी वाट पाहू नये. दुर्बिणीतून धमनीला चिमटा लावणे किंवा क्ष-किरणांच्या साहाय्याने ती आतून बंद करणे, हे उपाय मोठ्या रुग्णालयांत आज उपलब्ध आहेत.

६. ताटातील प्रश्न

आता आजोबांच्या तीळगुळाकडे वळू. बिया, दाणे, मका पिशवीत अडकून शोथ होतो, ही समजूत वैद्यांतही दीर्घकाळ होती. अमेरिकेतील ४७,२२८ पुरुषांचा १८ वर्षे पाठपुरावा करणाऱ्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तिला आधार नसल्याचे दाखविले. दाणे आणि मक्याच्या लाह्या अधिक खाणाऱ्यांत शोथाचे प्रमाण वाढलेले नव्हते. उलट काहीसे कमी होते. तेव्हा शोथ नसताना पेरू, अंजीर, टोमॅटो, तीळ, शेंगदाणे यांना घराबाहेर काढण्याचे कारण नाही. दात नसतील तर दाण्याचा कूट करावा. तो दातांसाठी, आतड्यासाठी नव्हे. ऐन शोथाच्या दिवसांत मात्र पातळ, हलका आहार घ्यावा आणि उतार पडल्यावर हळूहळू नेहमीच्या जेवणावर यावे.

चोथा किती असावा? दिवसाला २५ ते ३० ग्रॅम हे माप सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरीत व गव्हाच्या कणकेत ११ ग्रॅमच्या आसपास चोथा असतो. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमहून कमी. म्हणजे आपल्या आजीची भाकरी बर्किट यांच्या सल्ल्याआधीच त्या सल्ल्यानुसार वागत होती. सकाळचे पोहे तांदळाचेच, तेव्हा त्यांत चोथा थोडाच. पोहे खाऊ नयेत असे मी या गावात म्हणण्याचे धाडस करणार नाही. पण सकाळी पोहे, दुपारी बिस्किटे, संध्याकाळी मैद्याची कचोरी असा दिवस गेला तर पंचवीस ग्रॅमचा हिशेब जुळणार नाही. उसळ, पालेभाजी, सालीसकट फळ आणि भाकरी किंवा न चाळलेल्या कणकेची पोळी यांनी तो सहज जुळतो.

गुजरात-राजस्थानात आणि आपल्या नीमच-मंदसौरकडे पिकणारा इसबगोल हाही उत्तम चोथा आहे. तो भरपूर पाण्याबरोबर घ्यावा. कोरडा गिळल्यास घशात किंवा आतड्यात अडकण्याची भीती असते. चोथा वाढवायचा तो काही आठवड्यांत, क्रमाक्रमाने. एकदम वाढविला तर पोट फुगते, आणि माणूस दोन दिवसांत तो प्रयोग सोडून देतो.

ताटाबाहेरच्या गोष्टीही आहेत. लठ्ठपणा, धूम्रपान, बैठी राहणी आणि तांबड्या मांसाचे अतिसेवन यांनी शोथाचा धोका वाढतो. सांधेदुखीसाठी मनाने घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी शोथ आणि रक्तस्राव या दोहोंची शक्यता वाढते. औषधाच्या दुकानातून गोळी आणून महिनोन् महिने खाण्याची सवय याकरिता विशेष वाईट. मात्र हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरीन कोणी आपल्या मनाने बंद करू नये. तिचा लाभ-हानीचा हिशेब वेगळा आहे आणि तो डॉक्टरांशी बोलूनच करावयाचा आहे.

७. समारोप

विद्यार्थिमित्रांना या कथेतून आणखी एक गोष्ट घेता येईल. एकाच पिशवीबद्दल वैद्यांनी प्रथम ‘कोंडा वर्ज्य करा’ म्हटले, मग ‘कोंडा खा’ म्हटले, मग कोंड्याचा व पिशवीचा संबंध काय, हे पुन्हा मोजून पाहिले. यावरून ‘डॉक्टरांचे काही खरे नाही’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो चुकीचा ठरेल. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी प्रश्न विचारला, मोजमाप केले आणि मागच्यांचे म्हणणे जेवढे टिकले तेवढे ठेवले. वर्गात गणित सोडविल्यावर आपण ताळा करून पाहतो, त्याचेच हे मोठे रूप आहे.

आणि वडीलधाऱ्यांना विनंती अशी की, तपासणीच्या अहवालात ‘डायव्हर्टिक्युलोसिस’ हा शब्द दिसला, तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : मला शोथ आहे काय? माझ्या तक्रारी याच पिशव्यांमुळे आहेत काय? मला दुर्बिणीच्या तपासणीची गरज आहे काय? उत्तरे समाधानकारक असतील तर निर्धास्तपणे घरी जाऊन भाकरी-उसळ खावी. मात्र शौचावाटे रक्त जाणे, तापाबरोबर पोटात सतत दुखणे, शौचाच्या सवयीत अकारण व टिकून राहणारा बदल, कारणावाचून वजन घटणे किंवा रक्त कमी होणे, यांतले काहीही आढळले तर संकोच बाजूला ठेवून त्वरित तपासून घ्यावे. घरातील मुलांनीही आजी-आजोबांना हे विचारण्याची लाज धरू नये.